श्यामची पत्रावळ, आमचा वीकएण्ड

शाळेत ‘श्यामची आई’ ऐकताना आपण सगळेच रडलो. पण त्यातली पत्रावळ कधी कुणी लावून बघितली? आम्ही बघितली! दोन दिवस, तीन पोती पानं, एक मावशीआजी आणि आयटीतला एक भाऊ...

‘श्यामची आई’ म्हटल्यावर तुम्हाला पहिलं काय आठवतं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. अंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणारा श्याम. पोहायला जायचं टाळतो म्हणून मार खाणारा श्याम. मुक्या कळ्या तोडल्या म्हणून बोलणी खाणारा श्याम. थोडक्यात काय, तर श्याम चुकतो, आई समजावते आणि आपण रडतो!

आमच्या शाळेत मराठीच्या बाई शनिवारी शेवटच्या तासाला हे पुस्तक वाचून दाखवायच्या. एका शनिवारी एक रात्र. (या पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. मोठा झालेला श्याम रोज रात्री मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो.) बाईंचा आवाज दाटून आला की शेवटच्या बाकावरचे टगेसुद्धा माना खाली घालायचे. मग सोमवारी वहीत प्रश्न यायचा, ‘श्यामच्या आईचे स्वभावविशेष लिहा.’ आम्ही लिहायचो, प्रेमळ, शिस्तप्रिय, स्वाभिमानी, धार्मिक. झाले मार्क!

पण त्या सगळ्या रात्रींमध्ये एक रात्र अशी आहे की तिथे फारसं कुणी रडत नाही. तिचं नाव ‘पत्रावळ’. कोकणात तेव्हा रोजचं जेवण पत्रावळीवर. श्यामचे वडील शेतावरून येताना पानं घेऊन येत. पत्रावळी घरातच लावल्या जात. श्यामला काही ते जमत नसतं, आणि शिकायचा कंटाळाही असतो. मग आई सरळ सांगते की स्वतःची पत्रावळ स्वतः लाव, तरच जेवायला मिळेल. श्याम रुसतो, फुगतो. शेवटी माहेरी आलेली मोठी बहीण त्याला शिकवते, आणि हा पठ्ठ्या स्वतः लावलेल्या पत्रावळीवर जेवतो. बस्स, एवढीच गोष्ट.

शाळेत ही गोष्ट आम्ही ‘शिस्तप्रिय’ या एका शब्दात गुंडाळली होती. यंदा ती अचानक पुन्हा उघडावी लागली. निमित्त होतं माझ्या धाकट्या भावाचा साखरपुडा.

‘घरात काय काय करतोस?’

माझा भाऊ हिंजवडीत नोकरी करतो. हुशार आहे, पगार चांगला आहे, स्वभाव तर लाखात एक. फक्त एकच गोष्ट. जन्मल्यापासून आजवर त्याचं ताट कुणीतरी वाढून त्याच्या हातात दिलेलं आहे. आधी आजीने, मग आईने, मग मी. आणि हल्ली डिलिव्हरी बॉयने.

होणाऱ्या वहिनीशी पहिली भेट झाली ती कॉफी शॉपमध्ये. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, ‘घरात तू काय काय करतोस?’ हा म्हणाला, ‘ऑर्डर!’ विनोद म्हणून ठीक होता. ती हसलीही. पण घरी आल्यावर याचं टाळकं ठिकाणावर नव्हतं. ‘ताई, ती हसली, पण पुढे काहीच बोलली नाही गं...’

सुदैवाने पुढे सगळं जुळलं, साखरपुडा ठरला. सोसायटीच्या हॉलमध्येच, घरची पन्नासेक माणसं. जेवणाच्या प्लेट्सवर चर्चा सुरू झाली. थर्मोकोलचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रात थर्मोकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर 2018 च्या मार्चमध्येच बंदी आली, आणि देशभरात 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या प्लेट्स, चमचे, पेले बंद झाले. मग कागदी? त्यातल्या बऱ्याच डिशेसना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. म्हणजे नाव कागदाचं आणि काम प्लास्टिकचं.

तेव्हा मी सहज बोलून गेले, ‘पत्रावळी आणू या.’ आणि भाऊ त्याहून सहज बोलून गेला, ‘आणू या कशाला? लावू या. तो श्याम नाही का...’

आईने आधी आम्हा दोघांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग म्हणाली, ‘लोक म्हणतील, मुलाकडच्यांनी ताटांचेही पैसे वाचवले!’ पण आईचीच एक मावशी दापोलीजवळच्या एका गावात राहते. वय 78. तिला फोन लावला तर ती म्हणाली, ‘या की! त्यात काय एवढं!’

पाच दिवसांत लिहिलेलं पुस्तक

जाताना गाडीत आम्ही पुस्तक पुन्हा चाळलं. या पुस्तकाची स्वतःची गोष्टही कमी नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती 1933 च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात. 9 तारखेला सुरुवात आणि 13 तारखेला शेवट! पुस्तक छापून आलं 1935 साली. कुणी त्याला कादंबरी म्हणतं, कुणी आठवणी. आचार्य अत्र्यांनी त्यावर 1953 साली काढलेल्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं.

गुरुजींचं जन्मगाव पालगड हे दापोली तालुक्यातलंच. तिथलं त्यांचं घर आता स्मारक आहे. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, महाड करत दापोलीकडे निघालात की आजूबाजूचा हिरवा रंग बदलत जातो, लाल माती दिसायला लागते. पुस्तकातली पानं कुठल्या झाडांची होती ते तिथे खिडकीतूनच कळतं.

मावशीआजीला मी मोठ्या उत्साहाने विचारलं, ‘आजी, तू ‘श्यामची आई’ वाचली आहेस?’

‘सिनेमा बघितला होता. रडून रडून पदर भिजला.’

‘त्यातली पत्रावळीची गोष्ट आठवते?’

आजीने माझ्याकडे नवलाने बघितलं. ‘पत्रावळीची कसली गोष्ट? ते तर सगळेच करायचे!’

झालं! आमच्यासाठी जो धडा होता तो तिच्यासाठी रोजचा मंगळवार-बुधवार होता. भाऊ मात्र एका प्रश्नावर अडून बसला. ‘आजी, मुलगेपण लावायचे का गं?’

‘लावायचे की. भूक लागायची ना त्यांना!’

पळसाला पानं तीनच, पण...

आम्हाला वाटलं होतं, बसायचं, टोचायचं, संपलं. पण अर्धा कोर्स पानांचाच निघाला. कुठलंही पान पत्रावळीला चालत नाही. पान हवं मोठं, चिवट आणि बिनवासाचं. पळस यात पहिला. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण ऑफिसच्या राजकारणावर बोलताना वापरतो, पण झाडाखाली उभं राहिलं की ती अक्षरशः खरी असते. एका देठाला तीन पानं. मधलं मोठं आणि दोन्ही बाजूंनी सारखं, कडेची दोन जराशी तिरकी. आजीने मधली पानं वेगळी ठेवायला सांगितली. ती पत्रावळीच्या मध्यभागी, कडेची कडेला. म्हणजे झाडानेच अर्धं डिझाइन करून दिलेलं असतं!

वडाचं पान आकाराने लहान, पण दमदार. फक्त तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. बोटं चिकट होतात आणि मग काळी पडतात. कोकणात कुड्याचीही पानं वापरतात, फणसाच्या पानांचे द्रोण करतात.

हंगामाचंही गणित आहे. पळसाची पानं थंडीच्या शेवटी गळायला लागतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड केशरी फुलांनी पेटतं. तेव्हा पानं मागायला गेलात तर झाड फुलं दाखवतं! नवी पालवी येऊन ती जून व्हायला वेळ द्यावा लागतो. आम्ही गेलो दसऱ्यानंतर, पानं भरात असताना.

आणखी एक नियम. एका फांदीची सगळी पानं ओरबाडायची नाहीत. चार घ्यायची, पुढच्या फांदीवर जायचं. कोवळं पान नको, ते सुकताना आकसतं. किडकं नको, भोकातून आमटी जाते. फार जून नको, दुमडताना तडकतं. दोन तासांत तीन पोती भरली, तेव्हा भावाच्या टी-शर्टवर चिकाचे डाग होते आणि फोनवर ऑफिसचे चौदा मेसेज. त्याने फोन खिशात टाकला. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे!

तोडलेली पानं लगेच वापरायची नसतात. ताजं पान कडक असतं, वाकवलं की शिरेवर मोडतं. सावलीत काही तास पसरून ठेवली की ती मऊ पडतात. आजीच्या भाषेत, ‘पान जरा नमलं पाहिजे.’

पत्रावळ शिवत नाहीत, लावतात

दुपारी पडवीत क्लास भरला. सुईदोरा नाही, डिंक नाही. शिवायचं साधन म्हणजे नारळाच्या झावळीचा हीर. पात्याच्या मधली ती कडक शीर. झावळीची पाती सोलून हीर काढायचे, जाड बुडखा टाकून द्यायचा, निमुळता भाग ठेवायचा. जिथे नारळ नाही तिथे बांबूच्या बारीक चोया वापरतात.

आजीने एक मोठं पान मांडीवर ठेवलं, तुकतुकीत बाजू वर, शिरांची बाजू खाली. त्याच्या कडेवर दुसरं पान, साधारण तिसरा हिस्सा झाकेल असं. मग टाका. हीर खालून वर काढायचा, अर्ध्या सेंटिमीटरवर परत खाली घालायचा आणि उरलेला भाग नखाने मोडायचा. दोन्ही टोकं खालच्या अंगाला राहिली पाहिजेत, नाहीतर जेवणाऱ्याच्या बोटाला टोचतात. मग तिसरं पान, चौथं पान. कौलं घालतात तसं, प्रत्येक पान मागच्याच्या अंगावर. गोल पुरा झाला की शेवटचं पान पहिल्याच्या खाली सरकवून बंद करायचं.

हे सगळं करताना आजी आमच्याकडे बघून गप्पा मारत होती. हातांकडे लक्षही नाही. मी घड्याळ लावलं. दोन मिनिटं!

आमची पहिली पत्रावळ? माझी पंचवीस मिनिटांत झाली, आणि तिचा आकार साधारण महाराष्ट्राच्या नकाशासारखा आला. भावाची तीस मिनिटांत झाली, पण गोल. कारण त्याने प्रत्येक टाक्याआधी पान फिरवून बघितलं होतं.

‘अगो, दाबून धर. पान हातातून सुटलं की टाका फाटतो,’ आजी मला सांगायची. आणि भावाला, ‘अरे, हिराला जोर लावू नकोस. पानाला सांग, ते वाट देतं.’ पानाला काय सांगायचं असतं ते पहिले दोन तास कळलंच नाही. मग कधीतरी कळलं. प्रत्येक पानावर शिरांची जाळी असते. टाका शिरेच्या अगदी जवळून घेतला तर शीर त्याला आधार देते. शिरांच्या मधल्या कोऱ्या जागेत घेतला तर पान तिथूनच चिरतं. हे कुठल्याही व्हिडिओत दिसलं नसतं, कारण ते डोळ्यांना नाही, बोटांना कळतं.

संध्याकाळपर्यंत माझ्या नऊ झाल्या, भावाच्या अकरा. रविवारी सकाळी आम्ही एकेक पत्रावळ सात-आठ मिनिटांवर आणली. झालेल्या पत्रावळी एकावर एक रचून वर पाटा ठेवला. दाबाखाली सावलीत वाळल्या की त्या सपाट राहतात आणि पुढे बरेच दिवस टिकतात. वापरायच्या आधी पाण्याचा हबका मारला की पुन्हा मऊ. निघताना मोजल्या. 64! शिवाय आजीने गप्पा मारता मारता वीस द्रोण टाकले होते, ते वेगळेच.

एक अख्खी शिफ्ट

परत येताना भावाच्या डोक्यातला इंजिनीअर जागा झाला. ‘ताई, पाच मिनिटांना एक असं धरलं तरी तासाला बारा. शंभर करायला आठ तास वीस मिनिटं. म्हणजे आपली एक अख्खी शिफ्ट.’

आता तुम्हीच हिशेब करा. समजा, हाताने लावलेल्या एका पत्रावळीचे तुम्ही पाच रुपये दिलेत, तर दिवसभराचे झाले पाचशे. त्यात पानं गोळा करायचा वेळ धरलेलाच नाही. जंगलात जाणं, ओझं आणणं, वाळवणं, शेकड्याचे गठ्ठे बांधणं, बाजारात नेणं, सगळं फुकट. ओडिशा, झारखंडकडच्या जंगलांमध्ये सालाच्या पानांच्या पत्रावळी लावणाऱ्या असंख्य बायकांचा हा कमाईचा भाग आहे. आपण दुकानात ‘पानाच्या प्लेट्स एवढ्या महाग?’ असं विचारतो तेव्हा या शिफ्टबद्दल विचारत असतो.

मशीनवर दाबलेल्या पत्रावळीही मिळतात. गरम साच्यात पानं दाबली की कड उभी राहते, वाटीसारखा खोलगटपणा येतो, काम झटपट होतं. बायकांच्या बोटांना तेवढाच आराम. पण घेताना एकदा उलटी करून बघा. पाठीला पुठ्ठा असेल तर ठीक, चकचकीत प्लास्टिकचा कागद असेल तर तुम्ही पानाच्या नावाखाली पुन्हा प्लास्टिकच विकत घेताय. सुपारीच्या विरीपासून केलेल्या ताटल्याही चांगल्या. त्या झाडावरून आपसूक गळलेल्या विरीच्या असतात.

पंगतीचा दुसरा चेहरा

पत्रावळीवर गोड गोड लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण आजीनेच तो मोडला. ‘पत्रावळ लावायचे सगळे,’ ती म्हणाली, ‘पण पंगतीला सगळे नसायचे हो.’

खरं आहे. पान एकदाच वापरायचं, म्हणून ते ‘शुद्ध’. आणि त्या शुद्धतेच्या हिशेबात कुणी आत बसायचं, कुणी अंगणात आणि कुणी बाहेर थांबून उरलंसुरलं घ्यायचं हे जातीवर ठरायचं. उष्ट्या पत्रावळी कुणी उचलायच्या हेही ठरलेलं. ‘पत्रावळ’ हा शब्द आला पत्र आणि आवली यांतून, म्हणजे पानांची ओळ. पानांच्या ओळीत सगळी पानं सारखी, माणसांच्या ओळीत तसं नव्हतं.

साने गुरुजींना आपण फक्त रडवणारे लेखक म्हणून ओळखतो. पण याच माणसाने 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, आणि मंदिर उघडलं. पत्रावळ लावायला शिकलेल्या मुलाने पुढे सगळी माणसं एका ओळीत बसवण्यासाठी प्राण पणाला लावले. शाळेच्या उत्तरात हा मुद्दा लिहिल्याचं मला तरी आठवत नाही.

अखेर साखरपुडा!

पुढच्या शनिवारी हॉलमध्ये 64 पत्रावळी पोचल्या. पहिला शोध हा लागला की पत्रावळ आणि सीलिंग फॅन यांचं जमत नाही! पंखा लावला आणि पहिल्या ओळीतली सहा पानं उडाली. आजीला फोन. ‘खाली पाण्याचा शिपका मारा, बसतात.’ बसली. दुसरा शोध आमटीचा. पातळ पदार्थ द्रोणात, आणि पत्रावळीवर आमटी घ्यायचीच असेल तर आधी भाताला मधोमध आळं करायचं. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्या मंडळींना हे न सांगता येत होतं. आमच्या पिढीने त्यांच्याकडे बघून कॉपी केली. एका काकांच्या पांढऱ्या झब्ब्याला आमटीचा प्रसाद मिळाला, पण ते म्हणाले, ‘अरे, बऱ्याच वर्षांनी पंगतीत जेवल्यासारखं वाटलं.’

आईला ज्याची भीती होती ते ‘लोक काय म्हणतील’ झालंच. मुलीकडच्या एका आत्यांनी पत्रावळ उलटसुलट करून विचारलं, ‘कुठून मागवल्या?’ आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, ‘आमच्या मुलाने लावल्यात.’ ‘मुलांनी’ नाही, ‘मुलाने’! माझं श्रेय तिथल्या तिथे गडप. पण आईचा चेहरा असा होता की मी काही बोलले नाही.

होणारी वहिनी लवकर आली होती. तिने एक पत्रावळ उचलली, टाके मोजले आणि भावाला विचारलं, ‘हे शिकायला किती वेळ लागला?’ तो म्हणाला, ‘दोन दिवस.’ मग जरा थांबून, ‘आणि एकोणतीस वर्षं.’ या वेळी ती हसली, आणि पुढे बराच वेळ बोललीही.

त्या दिवशी पहिली पंगत भावाने वाढली. दुसऱ्या पंगतीला त्याने स्वतःची पत्रावळ घेतली आणि भात वाढायला निघालेल्या आईच्या हातातली वाढणी काढून घेतली. ‘तू बस,’ म्हणाला. आई इतकी गोंधळली की खरंच बसली. मी तुम्हाला असं सांगणार नाही की आता तो रोज स्वयंपाक करतो. तसं काही नाही. डिलिव्हरी बॉय अजूनही त्याला नावाने ओळखतो. पण परवा घरी गेले तेव्हा तो स्वतःचं ताट स्वतः घेत होता, आणि मलाही विचारलं, ‘ताई, तुझं घेऊ?’

शाळेत मी त्या आईला ‘शिस्तप्रिय’ म्हटलं होतं. आता वाटतं, शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. घरात पत्रावळ लावणारी बहीण होती, आई होती. मुलाला आयतं ताट देणं किती सोपं होतं! ते तिने दिलं नाही. तिने त्याला पानं दिली. आणि रुसलेल्या मुलाला कुणी शिकवलं, तर बहिणीने. म्हणजे ही गोष्ट आई ऐकते की मुलगा ऐकतो याची नाहीच. आपलं ताट ही आपली जबाबदारी आहे, आणि ते नीट लावता येणं ही लाज नाही, ऐट आहे, याची ती गोष्ट आहे. हे कळायला मला हिराचे टाके घालावे लागले. मराठीच्या कुणी बाई किंवा सर हे वाचत असतील तर एक विनंती. ही रात्र वर्गात वाचाल त्या दिवशी वहीत प्रश्न देऊ नका. प्रत्येक बाकावर आठ पानं द्या. मुलांच्याही आणि मुलींच्याही!

तुम्हालाही करून बघायचंय?

• पानं: पळस सर्वांत सोपा. शहरात वडाची पानं मिळतील. मालकाला किंवा सोसायटीला विचारूनच तोडा, आणि अनोळखी झाडाच्या वाटेला जाऊ नका. काही पानं विषारी असतात.

• संख्या: एका पत्रावळीला सात-आठ मोठी पानं. वडाची असतील तर जास्त. खराब होणारी धरून दीडपट आणा.

• तयारी: पानं स्वच्छ धुऊन, पुसून सावलीत काही तास नमू द्या. उन्हात ठेवलीत तर पापड होईल.

• टाका: नारळाचा हीर किंवा बांबूची बारीक चोय. टूथपिक जाड पडते, पान फाटतं. स्टेपलर तर अजिबात नको, पिन पोटात गेली म्हणजे?

• वाळवण: रचून वर वजन ठेवा. घरात पाटा नसेल तर मास कॉमची जाडजूड पुस्तकं चालतात. अनुभव आहे!

• जेवण झाल्यावर: हीर नैसर्गिक, पान नैसर्गिक. खरकटं काढून पत्रावळ फाडा आणि कुंडीच्या किंवा सोसायटीच्या कंपोस्टमध्ये टाका. भांडी घासायची सुट्टी!

• आणि सगळ्यांत महत्त्वाचं: पहिली पत्रावळ वाकडी आली तरी तिच्यावरच जेवा. चव वेगळी लागते.